उमियाचा त्रिकोणी शिंपला

इंडोट्रिगोनिया स्मीई ही कच्छच्या खडकांत सापडणारी, आता नामशेष झालेली शिंपल्याची एक जात. जुरासिक कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी, कच्छवर पसरलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी वाळूत अर्धवट रुतून हा प्राणी जगत असे. त्याचे मांस केव्हाच नाहीसे झाले. उरली ती जाड, जड, त्रिकोणी घडणीची कवचे, आणि कवचे विरघळून गेली तिथे त्यांचे दगडी साचे. वायव्य कच्छमधल्या उमिया गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत या कुळातले शिंपले इतके ठळकपणे दिसतात, की तिथल्या काही थरांना भूवैज्ञानिकांनी ‘ट्रिगोनिया थर’ असेच नाव दिले.

ट्रिगोनिया हे नाव त्याहून जुने. फ्रेंच निसर्गअभ्यासक झां गियोम ब्रुग्येर यांनी १७८९ साली युरोपातल्या जीवाश्म शिंपल्यांना ते दिले. ग्रीक भाषेतल्या ‘त्रिकोण’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. कच्छमधली जात विज्ञानाच्या नोंदीत आली ती पन्नास वर्षांनी, मुंबई इलाख्याच्या लष्करामार्फत. १६ जून १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला आणि ‘अल्लाबंद’ नावाचा लांबलचक उंचवटा वर आला. ही हकीकत युरोपात पोहोचली, चार्ल्स लायेल यांनी आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात ती घेतली, आणि कच्छची जमीन अभ्यासकांच्या नजरेत भरली. त्याच सुमारास मुंबई सरकारचा राजकीय अंमल भुजपर्यंत पोहोचला होता आणि लष्करी अधिकाऱ्यांची तिथे ये-जा सुरू झाली होती.

त्यांपैकी कॅप्टन वॉल्टर स्मी यांनी कच्छमध्ये जीवाश्म गोळा केले. त्या संग्रहाची माहिती लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली ती कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. १८२४ पासून काही वर्षे साइक्स मुंबई सरकारचे संख्याशास्त्रीय नोंदणी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरत होते. त्यांनी दख्खनचे पक्षी नोंदवले आणि काळ्या पाषाणाच्या थरांचे वर्णन केले. सह्याद्रीचा तो खडक लाव्हारसाचा असल्याने त्यात समुद्री शिंपले मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कच्छहून आलेल्या संग्रहात मात्र त्यांच्यापुढे सगळा समुद्रच येऊन पडला. बॉम्बे इंजिनिअर्सचे कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट यांनी कच्छचा भूवैज्ञानिक नकाशा तयार केला होता. ग्रँट यांचे निवेदन आणि साइक्स यांची टिपणी, दोन्ही सोसायटीच्या १८४० च्या खंडात छापली गेली, आणि त्यांतल्या जीवाश्मांची चित्रे व वर्णने जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांनी केली. या त्रिकोणी शिंपल्याला त्यांनी ‘ट्रिगोनिया स्मीई’ म्हटले. शेवटचा दीर्घ ईकार हा लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय. नावाचा अर्थ ‘स्मी यांचा’ एवढाच.

या शिंपल्याची रचना समजायची तर आधी त्याला हातात धरायचे कसे ते ठरवावे लागते. शिंपल्याला दोन झडपा असतात आणि त्या पाठीकडच्या कडेला बिजागरीने जोडलेल्या असतात. प्रत्येक झडपेचे वरचे टोक थोडे वळून पुढे आलेले असते. त्याला चोच म्हणतात, आणि तो कवचाचा सर्वांत जुना भाग असतो. पिल्लू शिंपला तेवढाच होता. पुढची वाढ त्या टोकाभोवती खालच्या कडेने होत गेली. बाजारातल्या तिसऱ्या पाहिल्या तर त्यांची चोच पुढच्या दिशेला झुकलेली दिसते, आणि बहुतेक शिंपल्यांत तसेच असते. ट्रिगोनियाच्या कुळात ती मागे वळते. हा फरक लहान वाटला तरी ओळखीसाठी फार उपयोगी आहे, कारण झडपेचा तुकडा हाती आला आणि चोच शाबूत असली तर कूळ बरेचसे उलगडते.

बाहेरून पाहता झडपेचे दोन भाग स्पष्ट पडतात. पुढचा व मधला रुंद, फुगीर भाग म्हणजे कूस. चोचीपासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी धार उतरते, आणि तिच्या पलीकडचा चपटा, उताराचा पट्टा म्हणजे मागचा फलक. त्याच्याही पलीकडे, दोन्ही झडपा जिथे भेटतात तिथे, पाठीवर ढालीच्या आकाराची एक खोलगट जागा असते. त्रिकोणी रूप येते ते या तिरक्या धारेमुळे: पुढची बाजू गोलसर, मागची छाटल्यासारखी, खालची कड कमानदार. दोन्ही झडपा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. पण एकच झडप घेतली तर तिचा पुढचा अर्ध आणि मागचा अर्ध मुळीच सारखे नसतात.

कुशीवर जाड, उठावदार कंगोरे असतात आणि ते चोचीभोवती कमानीसारखे एकाखाली एक येतात. स्मीई जातीची पहिली ओळख याच कंगोऱ्यांची. वाढरेषाही याच दिशेने जातात, पण त्या केसासारख्या बारीक असतात, तर कंगोरे बोटाला लागतात. मागच्या फलकावरची नक्षी निराळी आणि नाजूक असते. चोचीजवळची नक्षी त्या प्राण्याच्या बालपणाची असते आणि खालच्या कडेजवळची म्हातारपणाची. तिरकी धार जातीजातीत कुठे टोकदार, कुठे बोथट असते, आणि एकाच कवचातही वयाबरोबर बदलू शकते. म्हणून ट्रिगोनियाची जात ठरवताना पूर्ण वाढलेल्या शिंपल्याचे एक चित्र पुरत नाही. चोचीपासून कडेपर्यंत नक्षी कशी बदलत गेली तो क्रम वाचावा लागतो.

खरे नवल आत आहे. चोचीखाली बिजागरीची पट्टी येते आणि तिच्यावर दात असतात. दात म्हणजे चावण्याचे नव्हेत. एका झडपेचा उंचवटा दुसरीच्या खाचेत बसावा आणि झडपा आडव्या सरकू नयेत, यासाठीची ती सोय आहे. बहुतेक शिंपल्यांचे दात लहान असतात. कालवाला तर मोठेपणी दातच नसतात. ट्रिगोनियाचे दात मात्र कवचाच्या मानाने प्रचंड असतात. उजव्या झडपेवर दोन दात चोचीखालून तंबूच्या काठ्यांसारखे फाकलेले असतात. डाव्या झडपेवर मधोमध एक मोठा दात असतो, खालच्या बाजूने दुभंगलेला, आणि त्याच्या पुढे-मागे एकेक अरुंद दात. झडपा मिटल्या की उजवीकडचे दोन दात डावीकडच्या मधल्या दाताला दोन्ही अंगांनी कवटाळतात.

या दातांच्या बाजू गुळगुळीतही नसतात. त्यांवर कानशीसारख्या आडव्या, समांतर खाचा असतात आणि समोरच्या खोबणीच्या भिंतीवर त्यांना जुळणाऱ्या खाचा असतात. एकाच्या कडा दुसऱ्याच्या खाचांत बसतात, त्यामुळे झडपा उघडताना आणि मिटताना ठरलेल्या वाटेनेच फिरतात. शिंपल्यांच्या साऱ्या सृष्टीत इतकी नेटकी बिजागरी क्वचितच आढळते. ती पाहिली की ट्रिगोनियाचे कूळ ओळखायला दुसऱ्या खुणेची गरज राहत नाही. म्हणूनच खडकातून झडप सोडवताना तिची बाहेरची नक्षी जपण्याइतकेच आतला दगड काळजीपूर्वक काढून बिजागरी मोकळी करण्यावर जुन्या अभ्यासकांनी कष्ट घेतले.

चोचीमागे बाहेरच्या बाजूला एक आखूड, चिवट पट्टी झडपांना जोडत असे. ती स्प्रिंगसारखी झडपा उघडण्याकडे ओढते आणि आतले दोन स्नायू त्या मिटतात. तिसऱ्या शिजवल्या की उघडतात त्याचे कारणही हेच: स्नायू सुटतात आणि पट्टीचा ताण उरतो. जीवाश्मात पट्टी क्वचितच टिकते, पण स्नायूंच्या जागा टिकतात. पुढच्या स्नायूचा ठसा लहान पण खोल, बिजागरीच्या बुंध्याशी टेकलेला; मागचा मोठा आणि उथळ. त्यांच्या जवळ पाय, म्हणजे वाळूत शिरण्यासाठीचा मांसल अवयव, ओढून घेणाऱ्या स्नायूंचे आणखी लहान खळगे असतात.

दोन्ही मोठ्या ठशांना जोडणारी एक बारीक रेषा झडपेच्या कडेला समांतर जाते. प्राण्याच्या अंगाभोवतीचे मऊ आवरण कवचाला चिकटलेले असे, त्याची ही खूण. तिसऱ्याच्या झडपेत हीच रेषा मागच्या बाजूला आत वळून एक खळ तयार करते, कारण तिसऱ्याला पाणी ओढणाऱ्या आणि सोडणाऱ्या नळ्या असतात आणि त्या आत घ्यायला जागा लागते. ट्रिगोनियात ती रेषा न वळता सरळ जाते. त्यावरून दोन गोष्टी कळतात: त्याला तशा नळ्या नव्हत्या, आणि म्हणून तो खोल पुरून राहू शकत नव्हता. त्याला वाळूच्या वरच्या थरातच राहावे लागे, मागचा फलक जवळपास पृष्ठभागाशी ठेवून. साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याची राहणी एका रेषेच्या वळण्या-न-वळण्यावरून सांगता येते, हे या शास्त्राचे मोठे बळ आहे.

कवचाचे द्रव्यही पाहण्यासारखे आहे. बाहेरचा थर सूक्ष्म स्तंभांचा आणि आतला मोत्याच्या चमकेचा, दोन्ही अॅरॅगोनाइट या खनिजाचे. तिसऱ्याच्या आतला भाग चिनी मातीसारखा मंद पांढरा असतो. ट्रिगोनियाचा आतला भाग जिवंतपणी मोत्यासारखा झळकत असे. पण अॅरॅगोनाइट खडकात फार टिकत नाही. ते हळूहळू कॅल्साइटमध्ये बदलते किंवा झिरपणाऱ्या पाण्यात विरघळून जाते. कालवांची कवचे मुख्यतः कॅल्साइटची असल्याने त्याच थरात ती धडधाकट राहतात आणि शेजारी ट्रिगोनियाचा नुसता साचा उरतो. कवचाच्या आत भरलेला गाळ दगड झालेला असतो, आणि त्या गोळ्यावर सारे उलटे उमटते: खोल खळगे तिथे गाठी, दात होते तिथे चिरा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर खाणकामगारांना ट्रिगोनियाचे असे साचे दगडात नेहमी दिसत. त्यांना ती घोड्यांची डोकी वाटली, आणि तेच नाव त्यांच्या बोलीत रूढ झाले. शास्त्रीय वर्णनात गाठी आणि चिरा म्हणून जे नोंदले जाते, तेच दगड फोडणाऱ्यांनी डोळे, नाकपुड्या आणि जबडा म्हणून पाहिले.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ट्रिगोनिया पूर्ण नामशेष झाला असेच मानले जात होते. जुरासिकच्या पुढच्या क्रिटेशस कालखंडानंतरच्या युरोपीय खडकांत त्याचा मागमूस नव्हता. मग निकोला बोदें यांच्या फ्रेंच मोहिमेतले निसर्गअभ्यासक फ्रांस्वा पेरों यांना १८०२ साली टास्मानियाच्या परिसरात त्याचे ताजे कवच मिळाले. लामार्क यांनी १८०४ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला मोत्याच्या चमकेवरून नाव दिले. आज या जिवंत शिंपल्यांना निओट्रिगोनिया म्हणतात, आणि त्यांच्या मोजक्या जाती फक्त ऑस्ट्रेलियाच्या भोवतीच्या समुद्रात आहेत. त्यांच्या कवचावरचे कंगोरे चोचीपासून किरणांसारखे फाकतात, कच्छच्या जातीसारखे कमानदार नसतात. बिजागरी मात्र तीच. डार्विन यांनीही १८५९ च्या आपल्या ग्रंथात या एकट्या वाचलेल्या वंशाचा उल्लेख केला.

जिवंत प्राणी मिळाल्यामुळे एवढे मोठे दात कशासाठी, हे कोडे सुटायला मदत झाली. निओट्रिगोनियाचा पाय मोठा आणि विलक्षण ताकदवान असतो. सॅम्युएल स्टचबरी यांनी सिडनीच्या बंदरात गाळ उपसून काढलेला एक शिंपला होडीत ठेवला, तर त्याने पायाच्या झटक्याने चार इंच उंचीची कड ओलांडून पाण्यात उडी घेतली, अशी नोंद आहे. एवढा पाय बाहेर काढायचा तर झडपा बऱ्याच उघडाव्या लागतात, आणि उघडलेल्या झडपा ओढाताणीत वेड्यावाकड्या सरकण्याचा धोका असतो. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ स्टीव्हन स्टॅन्ली यांनी १९७७ मध्ये दाखवले, की मोठा पाय, लांब खाचदार दात आणि कवचाचे कंगोरे या तिन्ही गोष्टी एकमेकींसाठी घडल्या आहेत. दात लांब असल्याने झडपा रुंद उघडल्या तरी ते खोबणीतून पूर्ण बाहेर येत नाहीत, आणि खाचांमुळे वाट चुकत नाही. कंगोरे वाळूत शिरताना पकड देतात. कच्छच्या शिंपल्याचा पाय कोणी पाहिलेला नाही, पण त्याची बिजागरी तीच असल्याने त्याचा पायही दणकट असला पाहिजे.

समुद्रातले बाकीचे शिंपले सोडून या कुळाचे सर्वांत जवळचे आजचे नातेवाईक गोड्या पाण्यात राहतात. नदीच्या काठी आणि तळ्यांच्या गाळात सापडणारे, आतून मोत्यासारखे चमकणारे मोठे शिंपले याच शाखेचे आहेत. गोदावरी-भीमेच्या पात्रातला शिंपला उचलून आत पाहिले तर जी चमक दिसते, ती ट्रिगोनियाच्या घराण्याचीच ठेव आहे.

कच्छच्या खडकांचा पद्धतशीर अभ्यास जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने हाती घेतला. ए. बी. विन यांचे निवेदन १८७२ मध्ये निघाले. फर्डिनांड स्टोलिच्का यांनी कच्छच्या थरांचे पच्छम, चारी, कट्रोल आणि उमिया असे चार गट पाडले. पच्छम सर्वांत खालचा, उमिया सर्वांत वरचा. लडाखमध्ये १८७४ साली स्टोलिच्का यांचा मृत्यू झाला. व्हिल्हेल्म वागेन यांनी ती विभागणी वापरून कच्छच्या अॅमोनाइटांवर, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या नामशेष समुद्री प्राण्यांवर, १८७३ ते १८७५ या काळात आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यावरून या खडकांचा काळ युरोपातल्या खडकांशी जुळवला. ट्रिगोनियाची पाळी आली १९०३ मध्ये. फिनले लोरिमर किचिन यांनी सर्व्हेच्या ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या ग्रंथमालेत कच्छच्या केवळ ट्रिगोनियांवर एक स्वतंत्र भाग लिहिला. एका शिंपल्याच्या वंशाला एवढी जागा मिळावी, यावरूनच त्याची कच्छमधली विपुलता आणि विविधता कळते.

पाच वर्षांनी, १९०८ मध्ये, किचिन यांनीच दक्षिण आफ्रिकेच्या उइटनहेग खडकांतल्या समुद्री जीवाश्मांवर लिहिले. तिथला ट्रिगोनिया व्हेंट्रिकोसा हा फुगीर शिंपला कच्छमध्येही होता. आज नकाशावर अरबी समुद्र आणि हिंदी महासागर मध्ये दिसतात, पण त्या काळी भारत आफ्रिका व मादागास्करच्या निकट होता. उथळ पाण्याची एक पट्टी या किनाऱ्यांना जोडत होती. शिंपला मोठा झाल्यावर फारसा हलत नाही. त्याची पिल्ले प्रवाहासोबत उथळ किनाऱ्याकिनाऱ्याने पसरतात. कच्छ आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे ट्रिगोनिया इतके सारखे का, याचे उत्तर या जुन्या किनारपट्टीत होते.

पण सारखेपणाचे माप किती घ्यावे यावरून मोठा वाद उभा राहिला. जर्मन पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, तेंडागुरू टेकडीवर १९०९ ते १९१३ या काळात बर्लिनच्या संग्रहालयाने डायनोसॉरचे उत्खनन केले. सुमारे २२५ टन जीवाश्म जर्मनीला गेले. त्यांतून उभारलेला ब्राकिओसॉरसचा सव्वातेरा मीटर उंच सांगाडा १९३७ पासून बर्लिनमध्ये आहे. हाडांच्या थरांच्या मधोमध समुद्री वालुकाश्म होते, आणि त्यांत एक ट्रिगोनिया होता. तो कच्छच्या स्मीईसारखा दिसला, म्हणून जर्मन भूवैज्ञानिकांनी त्या थराला ‘ट्रिगोनिया स्मीई थर’ असे नाव दिले.

आता कच्छच्या शिंपल्याचा काळ ठरला की तेंडागुरूच्या डायनोसॉरचाही ठरणार होता. किचिन यांनी १९२९ मध्ये ‘जिऑलॉजिकल मॅगझीन’मध्ये मांडले, की ट्रिगोनियांचे नाते क्रिटेशसकडे झुकते आणि म्हणून तेंडागुरूचे मधले व वरचे हाडांचे थरही क्रिटेशसचे मानावेत. अॅमोनाइट आणि डायनोसॉरच्या हाडांवरून विचार करणाऱ्या इतरांना ते थर जुरासिकचेच वाटत होते. कंगोरे, धार, फलकावरची नक्षी यांत दोन शिंपले किती जुळतात, या बारकाव्यावर महाकाय प्राण्यांच्या काळाचा निवाडा अडला होता.

वाद सुटला तो शिंपल्याकडे पुन्हा बारकाईने पाहिल्यावर. १९३३ मध्ये तेंडागुरूच्या जीवाश्मांवर काम करणारे डीट्रिख यांनी या शिंपल्यांना जुन्या, फार ताणल्या गेलेल्या ट्रिगोनियातून बाजूला काढून इंडोट्रिगोनिया ही नवी प्रजाती केली. आदर्श जात म्हणून त्यांनी कच्छचा, सॉवर्बी यांनी वर्णिलेला शिंपला घेतला. म्हणजे आफ्रिकेतल्या संशोधनातून आलेल्या या नावात भारत आहे. पुढे आफ्रिकेतला शिंपला वेगळ्या जातीचा ठरला आणि त्याला इंडोट्रिगोनिया आफ्रिकाना म्हटले जाऊ लागले. तेंडागुरूचे ते हाडांचे थर आज जुरासिकच्या उत्तरार्धातले मानले जातात. कच्छच्या थरांची जुनी चार नावेही एस. के. बिस्वास यांच्या १९७७ च्या मांडणीनंतर मागे पडली; उमिया गटाचे खडक आता झुरान आणि भुज या नावांखाली येतात. तेंडागुरूच्या थराचे नावही बदलून ‘इंडोट्रिगोनिया आफ्रिकाना’ असे झाले आहे. कॅप्टन स्मी यांचे नाव आता फक्त कच्छच्या शिंपल्याकडे राहिले आहे.